निकालानंतरची काळी निशाणे

मार्च १९५७ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेचे निकाल लागले, तेव्हा आपणच जिंकलो असे दोन्ही बाजू म्हणत होत्या आणि दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. कच्छपासून चांद्यापर्यंत पसरलेल्या त्या अवाढव्य मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्यात ३९६ जागा होत्या. त्यांपैकी २३४ काँग्रेसला मिळाल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री राहिले. बहुमत स्वच्छ होते आणि सरकार कायदेशीर होते. पण हे बहुमत आले गुजरात, सौराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्यातून. मुंबई शहरात आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची अक्षरशः धूळधाण उडाली होती. तिथे संयुक्त महाराष्ट्र समितीने शंभराच्या आसपास जागा घेतल्या. पुण्याच्या शुक्रवार पेठेतून एस. एम. जोशी निवडून आले, दादरमधून आचार्य अत्रे. लोकसभेसाठी मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, राजापुरातून नाथ पै, पुण्यातून ना. ग. गोरे. खुद्द यशवंतराव कऱ्हाडमधून अगदी थोडक्यात वाचले.

आता पुढे काय करायचे? समितीने निवडणूक एकाच मुद्द्यावर लढवली होती: द्वैभाषिक मोडा आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र द्या. ज्यांनी समितीला मते दिली त्यांनी हा मुद्दा डोक्यात ठेवूनच दिली होती. पण राज्यभरच्या मोजणीत समिती हरली होती. लोकशाहीत हरलेल्याने गप्प बसून पाच वर्षे वाट पाहायची, हा एक रस्ता. मोर्चे, हरताळ, काळी निशाणे यांनी जिंकलेल्या सरकारला भंडावून सोडायचे, हा दुसरा. समितीने या दोहोंच्या मधली एक वाट काढली. ती कुठे बरोबर होती आणि कुठे घसरली, हे पाहायचे तर आधीची दोन वर्षे पाहावी लागतात.

राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात बहुतेक ठिकाणी भाषावार राज्ये देणाऱ्या आयोगाने मराठी भाषकांना मात्र गुजरातबरोबर एकत्र राहायला सांगितले आणि विदर्भ वेगळा काढला. दिल्लीत मग एकामागून एक पर्याय निघू लागले आणि त्यांपैकी बहुतेकांत मुंबई महाराष्ट्रापासून तुटत होती. १८ नोव्हेंबरला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली विधानसभेवर मोर्चा निघाला. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि १५ माणसे मेली. पुढच्या १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले आणि शहर पेटले. मोरारजी देसाईंच्या सरकारने गोळीबाराला हात आखडता घेतला नाही. गिरणगावात, चाळींच्या तोंडाशी, रस्त्याच्या नाक्यांवर माणसे पडली. ‘१०५ हुतात्मे’ हा आकडा तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी बसला.

त्या जानेवारीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जमावाने दगडफेक केली, जाळपोळ केली, गुजराती दुकानदारांची दुकाने फोडली. गोळीबाराचे समर्थन त्याने होत नाही. पण ज्या शहरावर आपण हक्क सांगतो, त्याच शहरातल्या शेजाऱ्याचे दुकान फोडणे हा त्या हक्काचा पराभव होता, आणि लढ्यातल्या शहाण्या माणसांना हे तेव्हाच कळले होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ती या अनुभवानंतर. स्थापनेच्या सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे होते आणि एस. एम. समितीचे सरचिटणीस झाले. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदुमहासभा असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मांडवाखाली आले. असंतोषाला शिस्त लावणारी एखादी यंत्रणा हवी होती, आणि समितीने ते काम केले.

ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने घाईघाईने विशाल द्वैभाषिक मंजूर केले. त्याआधी जुलैमध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले होते. निर्णय ज्या पद्धतीने झाला ती पद्धत आणि गोळीबारांची चौकशी करायला सरकारने दिलेला नकार, या दोन्हींवर त्यांनी लोकसभेत बोट ठेवले. १ नोव्हेंबरला नवे राज्य अस्तित्वात आले. म्हणजे १९५७ ची निवडणूक येईपर्यंत या राज्याबद्दल मतदाराला कोणी काही विचारलेच नव्हते. कायदा दिल्लीत झाला, त्याचे जगणे मुंबई-पुण्यात आणि अहमदाबाद-सुरतेत सुरू झाले, आणि चार महिन्यांनी मतपेटी समोर आली. ही पहिली संधी होती. लोकांनी तिचा पुरेपूर उपयोग केला.

इथे कायद्यातली एक गोष्ट महत्त्वाची ठरते. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपती संबंधित विधानमंडळाचे मत मागवतात, पण ते मत बंधनकारक नसते. तेव्हा १९५७ मध्ये समितीला विधानसभेत ३९६ पैकी ३०० जागा मिळाल्या असत्या, तरी महाराष्ट्र राज्य तिला करता आले नसते. ते करायचे दिल्लीने. लोकसभेतही या राज्यातल्या ६६ जागांपैकी ३८ काँग्रेसकडे होत्या आणि देशभर तर काँग्रेसचेच राज्य होते. जो प्रश्न मतपेटीने सुटूच शकत नव्हता, त्यासाठी मतपेटीनंतर रस्त्यावर येणे म्हणजे निकाल नाकारणे नव्हे. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला हलवण्यासाठी, निकालातून निघालेले म्हणणे त्याच्या कानापर्यंत नेणे एवढाच त्याचा अर्थ होता. समितीच्या लढ्याचे नैतिक बळ याच फरकावर उभे होते.

आक्षेपही तितकाच वजनदार होता, आणि तो एका मराठी माणसानेच सर्वांत स्पष्ट मांडून ठेवला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, सनदशीर मार्ग बंद होते तेव्हा सत्याग्रह, असहकार, कायदेभंग यांना काही अर्थ होता. आता मार्ग उघडे झाले आहेत, तेव्हा ही शस्त्रे खाली ठेवली पाहिजेत. हा सगळा अराजकाचा व्याकरणपाठ आहे, असा त्यांचा इशारा होता. आंबेडकर संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात होते असे मात्र नाही. १९४८ मध्येच त्यांनी भाषावार प्रांत आयोगापुढे मुंबईवरचा महाराष्ट्राचा हक्क मांडला होता. पुढे त्यांचे विचार काही बाबतींत बदलले. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यांचे फेडरेशन समितीबरोबर निवडणुकीत उतरले. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी समितीच्या व्यासपीठावर उभे राहत, तेव्हा १९४९ चा तो इशारा त्यांच्या पाठीशी होताच. समितीपुढची खरी कसोटी हीच होती. रस्ता वापरायचा, पण सनदशीर व्याकरण सोडायचे नाही.

पहिली गोष्ट समितीने केली ती म्हणजे विधानसभेवर बहिष्कार टाकला नाही. जे राज्यच आपल्याला मान्य नाही, त्याच्या सभागृहात जायचे कशाला, हा प्रश्न भावनेच्या भरात कोणालाही पडावा. समितीचे आमदार गेले, शपथ घेतली, बाकांवर बसले. शपथ संविधानाशी निष्ठेची होती. मुंबई राज्याच्या नकाशाशी निष्ठा कोणी मागितलेली नव्हती. अर्थसंकल्पावर ते बोलले, शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या प्रश्नांवर बोलले, आणि संधी मिळाली की द्वैभाषिकावर बोलले. त्याच वर्षी मुंबई महापालिकाही समितीच्या हाती आली. पुढच्या वर्षी कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर महापौर झाले. रस्ते, नळ, शाळा चालवण्याची जबाबदारी अंगावर घेतलेल्या माणसाला उद्या शहर बंद पाडताना दोनदा विचार करावा लागतो. समितीच्या संयमामागे या जबाबदारीचाही वाटा होता.

समितीचा आवाज दोन गळ्यांतून येत होता. एक एस. एम. यांचा. राष्ट्र सेवा दलात घडलेला, तुरुंग भोगलेला, साध्या राहणीचा हा समाजवादी माणूस चिडलेल्या जमावाला आवरण्यासाठी स्वतः त्याच्यात शिरत असे. दुसरा अत्र्यांचा. १५ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले आणि रोज सकाळी महाराष्ट्र त्यातल्या मथळ्यांनी जागा होऊ लागला. अत्र्यांच्या लेखणीने लढ्याला जे बळ दिले ते शंभर सभांनी दिले नसते. पण मोरारजींवर, काँग्रेसच्याच स. का. पाटलांवर आणि यशवंतरावांवर लिहिताना ती लेखणी कितीदा तरी माणसाच्या अब्रूपर्यंत गेली. विरोधकाला गद्दार ठरवले की त्याच्याशी बोलणेच संपते, आणि शेवटी ज्यांच्याशी बोलूनच महाराष्ट्र मिळवायचा होता त्यांत यशवंतराव पहिले होते. या एका बाबतीत अत्र्यांनी लढ्याचे नुकसान केले, असे म्हणायला हवे.

यशवंतरावांची अडचणही समजून घ्यावी अशी होती. १९५५ च्या अखेरीस फलटणला त्यांनी जाहीरपणे सांगितले होते की, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू. त्या वाक्याने त्यांच्यावर अनेक वर्षे शिव्यांचा पाऊस पडला. पण ते महाराष्ट्राच्या विरुद्ध होते असे नव्हे. पक्षाच्या आत राहून, दिल्लीला पटवून काम होईल असा त्यांचा हिशोब होता. १९५७ च्या निकालाने त्यांना दोन गोष्टी एकदम दाखवल्या. राज्य चालवायचा अधिकार आपल्याला मिळाला आहे. आणि ज्या भागात आपण जन्मलो, वाढलो, त्याच भागाने आपल्या धोरणाला नाकारले आहे.

या पार्श्वभूमीवर ३० नोव्हेंबर १९५७ चा दिवस आला. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. समितीने ठरवले की, पंतप्रधान महाराष्ट्राच्या काळजात येत आहेत, तेव्हा महाराष्ट्राच्या काळजात काय आहे ते त्यांना काळ्या निशाणांतून दिसले पाहिजे.

वाद लगेच उठला, आणि तो केवळ काँग्रेसवाल्यांनी उठवलेला नव्हता. शिवरायांच्या पुतळ्याच्या समारंभात काळी निशाणे? पंतप्रधान पाहुणे म्हणून येत असताना? काँग्रेसच्या बाजूने हा महाराजांचाच अपमान असल्याचे सांगितले गेले. समितीचे उत्तर असे की, पुतळ्याला आमचा विरोध नाही, नेहरूंच्या येण्यालाही नाही. द्वैभाषिक लादण्याला विरोध आहे आणि तो आम्ही त्यांच्यासमोर शांतपणे दाखवणार. समारंभ उधळणे आणि समारंभाच्या वाटेवर उभे राहणे यांतली रेषा बारीक होती. ती पाळली जाईल याची हमी कोणी द्यायची? हजारो माणसे, दोन वर्षांपूर्वीच्या मृत्यूंच्या ताज्या आठवणी, समोर पोलीस. एक दगड पुरे होता.

प्रतापगडाला जायला दोन मुख्य वाटा. देशावरून वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर आणि मग खाली गडाकडे. कोकणातून पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटाने वर. निदर्शकांनी दोन्ही वाटा धरल्या. भाई माधवराव बागल, एस. एम., अत्रे, नाना पाटील, जयंतराव टिळक अशी सगळ्या पक्षांची मंडळी यात होती. सातारा, कोल्हापूर, पुणे, कुलाबा, मुंबईहून माणसे येत राहिली. कोणी मालमोटारींतून, कोणी पायी, शिदोरी बांधून. पसरणीच्या घाटात रस्ता डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत चढतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कृष्णाकाठची शेते खाली लहान होत जातात. अशा रस्त्यावर गर्दीला मागे सरकायला जागा नसते आणि मोटारींच्या ताफ्याला वळून जायला नसते. पोलिसांनी लाठी उगारली असती तर पळायलाही वाट नव्हती.

आणि तरीही गोळी चालली नाही. ताफा निघाला, दुतर्फा काळी निशाणे उंचावली गेली, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा घाटात घुमली. मोटारी पुढे गेल्या. नेहरू गडावर पोचले, अनावरण झाले, भाषण झाले. पंतप्रधानांना अडवले गेले नाही, समारंभ बंद पडला नाही. दोन वर्षांपूर्वी ज्या राज्यात फ्लोरा फाउंटन झाले, त्याच राज्यात हे घडले. त्याचे श्रेय दोन ठिकाणी जाते. समितीच्या स्वयंसेवकांनी गर्दी धरून ठेवली, हे एक. आणि यशवंतरावांच्या सरकारने निदर्शने होऊ दिली, बंदुकांच्या बळावर ती चिरडायचा प्रयत्न केला नाही, हे दुसरे. मोरारजींच्या कारभारात आणि यशवंतरावांच्या कारभारात सर्वांत ठळक फरक कुठला दाखवायचा झाला, तर तो त्या घाटात दाखवता येईल.

प्रतापगडच्या निदर्शनांनी दुसऱ्या दिवशी काही बदलले नाही. द्वैभाषिक त्यानंतर २९ महिने टिकले. पण ज्या माणसाच्या हातात निर्णय होता त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की, हा असंतोष चार पुढाऱ्यांनी फुगवलेला नाही. निवडणुकीत आकड्यांनी जे सांगितले होते, तेच रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याने, शिक्षकाने, गिरणी कामगाराने सांगितले, आणि सरकारचे रोजचे काम न थांबवता सांगितले. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात हुतात्म्यांची आठवण जितकी ठेवली जाते, तितकी या शांत दिवसाची ठेवली जात नाही. ती ठेवायला हवी होती.

द्वैभाषिक फक्त मराठी लोकांना नकोसे होते असेही नव्हे. अहमदाबादेत ८ ऑगस्ट १९५६ रोजी काँग्रेस हाऊससमोर विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. त्यानंतर इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात जनता परिषद उभी राहिली. याज्ञिक १९५७ मध्ये अहमदाबादेतून लोकसभेवर गेले. गुजरातमध्ये काँग्रेसचे बहुमत टिकले, पण अहमदाबाद शहर परिषदेच्या बाजूचे होते. ८ ऑगस्ट १९५८ रोजी परिषदेने गोळीबारात मेलेल्यांच्या स्मरणार्थ काँग्रेस हाऊससमोर खांभी उभारली. खांभी म्हणजे वीरगळासारखा स्मृतिस्तंभ. चार दिवसांनी सरकारने ती काढून टाकली. शहर पुन्हा पेटले, दगडफेक झाली, पुन्हा गोळीबार झाला. मग खांभी सत्याग्रह सुरू झाला आणि तो २२६ दिवस चालला. लोक रोज तुकडीने येत, अटक करून घेत.

हे सरकार यशवंतरावांचेच होते. प्रतापगडला जो शहाणपणा दिसला तो अहमदाबादेत दिसला नाही. सार्वजनिक जागी परवानगीशिवाय स्तंभ उभारणे बेकायदा असेल, पण मेलेल्या पोरांची आठवण उखडून टाकणे हा राज्याचा अधिकार वापरण्याचा सर्वांत वाईट मार्ग होता. दुसरीकडे जाळपोळ करणाऱ्यांनी सरकारला आयते कारण दिले. पुढच्या २२६ दिवसांनी मात्र सिद्ध केले की, शांत सत्याग्रह सरकारला जाळपोळीपेक्षा कितीतरी जड जातो.

याच काळात भारताच्या दक्षिण टोकाला निवडणुकीनंतरच्या आंदोलनाचे एक वेगळेच रूप दिसत होते. १९५७ च्या त्याच निवडणुकीत केरळमध्ये कम्युनिस्टांनी १२६ पैकी ६० जागा जिंकल्या आणि काही अपक्षांच्या पाठिंब्याने ५ एप्रिलला ई. एम. एस. नंबुद्रीपाद मुख्यमंत्री झाले. या सरकारने कुळांसाठी जमीन कायदा आणि खासगी शाळांवर नियंत्रण आणणारे शिक्षण विधेयक आणले. शाळा मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती चर्चच्या आणि नायर सर्व्हिस सोसायटीच्या होत्या. मन्नत पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली ‘विमोचन समरम्’ म्हणजे मुक्तिलढा उभा राहिला आणि १२ जून १९५९ पासून तो राज्यभर पसरला. दुसऱ्याच दिवशी अंगमाळीत पोलिसांच्या गोळीबारात सात जण मेले. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि प्रजासमाजवादी पक्षही आंदोलनात होते. ३१ जुलैला राष्ट्रपती राजवट लागू करून केंद्राने सरकार बरखास्त केले. तेव्हा त्या सरकारला सव्वादोन वर्षे झाली होती.

दोन आंदोलने शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. शिक्षण विधेयकाविरुद्ध शाळांच्या दारात उभे राहण्याचा चर्चला आणि नायर संघटनेला पूर्ण अधिकार होता. गोळ्या चालवणाऱ्या सरकारला त्याचा जाब विचारण्याचाही होता. चूक झाली ती मागणीत. विधेयक मागे घ्या, ही मागणी राहिली नाही. निवडून आलेले सरकारच जाऊ द्या, ही झाली. आणि ज्याच्याकडे ते घालवण्याचा अधिकार होता तो केंद्रातला सत्ताधारी पक्ष स्वतःच आंदोलनात होता. समितीच्या मागणीचा गाभा असा नव्हता. यशवंतरावांचे सरकार राज्य करो, पण राज्याचा आकार बदला, असे ती म्हणत होती. जिंकलेल्याला खाली खेचण्यासाठी निकालानंतर केलेले आंदोलन निकालालाच खोटे ठरवते. जो प्रश्न निकालाने सुटला नाही त्यासाठी केलेले आंदोलन निकालावर उभे राहते.

केरळचे पडसाद समितीतही उमटलेच. डांगे आणि मिरजकरांच्या पक्षाचे सरकार केरळात पाडले गेले, आणि ते पाडणाऱ्या आंदोलनात एस. एम. यांच्या पक्षाची केरळ शाखा होती. फेब्रुवारी १९६० च्या निवडणुकीत कम्युनिस्टांची मतांची टक्केवारी वाढली, पण जागा २९ वर आल्या. काँग्रेसच्या मदतीने प्रजासमाजवादी पक्षाचे पट्टम थानू पिल्लै मुख्यमंत्री झाले. त्याआधी मार्च १९५९ मध्ये तिबेटात चिनी लष्कराने केलेल्या दडपशाहीवरून समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांसमोर उभे ठाकले होते. मुंबईतल्या व्यासपीठावर खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या माणसांना आता एकमेकांची भाषणे ऐकणे जड जाऊ लागले. एका मागणीसाठी बांधलेली आघाडी मागणी पुरी होईपर्यंतच टिकायची, हे तेव्हाच दिसू लागले होते.

दिल्लीतले वारे १९५९ मध्ये फिरले. फेब्रुवारीत इंदिरा गांधी काँग्रेस अध्यक्ष झाल्या आणि द्वैभाषिकाचा फेरविचार सुरू झाला. यशवंतरावांनीही वरिष्ठांना सांगितले की, हे राज्य माणसांच्या मनात रुजलेले नाही. पुढची निवडणूक १९६२ मध्ये होती आणि पश्चिम महाराष्ट्र पुन्हा हातचा गेला तर काय, ही भीती काँग्रेसला होती. लोकांचे मत दोनदा पोचले होते: एकदा मतपेटीतून, एकदा रस्त्यावरून. पहिल्याने काँग्रेसला भीती घातली, दुसऱ्याने ती विसरू दिली नाही. डिसेंबर १९५९ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने विभाजनाला मान्यता दिली, एप्रिल १९६० मध्ये संसदेने मुंबई पुनर्रचनेचा कायदा केला आणि १ मे रोजी मुंबईसह महाराष्ट्र आणि वेगळा गुजरात अशी दोन राज्ये झाली. शेवटी निर्णय तिसऱ्या अनुच्छेदाखालीच झाला, संसदेतच झाला.

सगळे मिळाले नाही. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. डांगही गुजरातेत गेला. म्हणून समितीत तट पडले. मिळाले ते घेऊन थांबावे की लढा चालू ठेवावा, यावर पक्षांचे एकमत होईना आणि चार वर्षे एकत्र चाललेली माणसे आपापल्या वाटेने गेली. सीमाभागातल्या मराठी माणसाला या फुटीची किंमत द्यावी लागली. त्याच्या प्रश्नामागे त्यानंतर इतके पक्ष पुन्हा कधी एकदिलाने उभे राहिले नाहीत, आणि तो प्रश्न आजही न्यायालयात पडून आहे.

१९६२ मध्ये नव्या महाराष्ट्राची पहिली निवडणूक झाली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. यशवंतराव महाराष्ट्राचा मंगल कलश आणणारे म्हणून ओळखले जाऊ लागले होते. पाच वर्षांपूर्वी मध्य मुंबईतून लाखो मते घेणारे डांगे पडले. ज्या मतदाराने १९५७ मध्ये काँग्रेसला झोडपून काढले होते त्यानेच तिला परत बोलावले, कारण त्याची तक्रार काँग्रेसच्या राज्याबद्दल नव्हती, राज्याच्या नकाशाबद्दल होती, आणि नकाशा आता बदलला होता. समितीच्या नेत्यांनी तो निकाल मान्य केला आणि पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागले. १९६७ मध्ये डांगे दक्षिण-मध्य मुंबईतून पुन्हा लोकसभेवर निवडून गेले, पुण्यातून एस. एम. जोशी गेले.